दंडाची फेरी ज्याची त्यानं

कणीक मळत होते. मोबाइल कणकेच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यावर बर्फातली शर्यत चालू होती. संध्याकाळचे सात वाजत आले असतील. बारकी, म्हणजे माझ्या भावाची लाडकी खेळाडू, पाठीवरची बंदूक काढून नेम धरायला आडवी पडत होती, तेवढ्यात पडद्यावरचा सगळा बर्फ झाकून वहिनींचं नाव आलं. हात भरलेले, म्हणून बोटाच्या पेरानं फोन घेतला. "ताई, हे गेले," वहिनी म्हणाल्या. एवढंच... पुढं रडणंसुद्धा नाही. मागं दवाखान्यातली कुठली तरी ट्रॉली वाजत होती. मी "येते" म्हणाले. फोन बंद झाला की आधी जे चालू होतं ते पडद्यावर आपोआप परत येतं, ही सोय कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे. शर्यत परत आली. बारकी अजून आडवीच होती, तिची शेवटची गोळी राहिली होती. ती लागली की नाही ते मी पाहिलं नाही. नळ सोडून हात धुवायला लागले, तर बोटांमधली कणीक निघता निघेना.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. पुण्यात ऊन तापायला लागलंय आणि मी बर्फाबद्दल लिहायला बसले आहे. मिलिंद, आमचा दादा, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. वडील नागपूरकडून नोकरीसाठी खडकीत आले, दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले, क्वार्टर मिळालं आणि आम्ही तिथंच वाढलो. पुढं दादाही त्याच कारखान्यात काडतुसांच्या तपासणीला लागला. "माझ्या हाताखालून लाखो गोळ्या गेल्या, पण झाडली एकही नाही," असं तो नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगायचा आणि समोरचा हसतो का ते बघायचा. मी शाळेत भूगोल शिकवते. हिमरेषा, हिमनदी, हिमोढ हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले, आणि आम्ही दोघांनी मिळून प्रत्यक्ष पाहिलेला बर्फ म्हणजे उसाच्या रसाच्या गाड्यावर तागाच्या पोत्यात गुंडाळलेली लादी. एकदा त्याला कारखान्यातून प्रवासाची सवलत मिळाली तेव्हा मनालीला जायचं ठरलंही होतं. पण वहिनींना समुद्र बघायचा होता, म्हणून दोघं कन्याकुमारीला गेली. तक्रार केली नाही त्यानं. परत आल्यावर म्हणाला, पाणीच होतं, फक्त पातळ.

क्वार्टरमध्ये केबल आली त्या वर्षीची गोष्ट. दुपारी चॅनेल बदलता बदलता दादा एका ठिकाणी थांबला. पांढऱ्याशुभ्र रानातून माणसं लांब पट्ट्यांवर घसरत चालली होती आणि प्रत्येकाच्या पाठीला बंदूक होती. आम्हाला वाटलं युद्ध आहे. मग कळलं की हिवाळी ऑलिंपिक चालू आहे आणि या खेळाला बायथलॉन म्हणतात. जिवाच्या आकांतानं घसरत यायचं, धापा टाकत थांबायचं, छाती भात्यासारखी हलत असताना श्वास रोखून पाच काळ्या वर्तुळांवर पाच गोळ्या झाडायच्या. लागली की काळं वर्तुळ पांढरं होतं. चुकली की प्रत्येक चुकीला बाजूच्या छोट्या रिंगणात एक जादा फेरी, दंडाची. ती मारून मगच पुढं जायचं. हा दंड दादाला इतका आवडला की पहिल्याच दिवशी त्यानं घरात नियम केला. प्रत्येकानं एकेक खेळाडू निवडायचा, आणि आपला खेळाडू जितक्या गोळ्या चुकेल तितक्या फेऱ्या आपण मारायच्या. पुढच्या दारानं बाहेर पडायचं, शेजाऱ्यांच्या खिडकीवरून, कडेच्या उंबराला वळसा घालून, कपडे धुवायच्या दगडाजवळून मागच्या दारानं आत.

दोन दिवसांत सगळ्या क्वार्टरांत बभ्रा झाला. शेजारच्या काकूंनी आईला मोठ्या कौतुकानं विचारलं की मुलं उंबराला प्रदक्षिणा घालायला लागली वाटतं, काही नवस बोललात का? आई पांढरीफटक पडली. आमच्या वडिलांनी पोरवयात नागपूरला दीक्षा घेतलेली. त्यानंतर त्यांनी ना कुठल्या देवाला हात जोडले, ना कुठल्या झाडाला दोरा बांधू दिला, आणि आता त्यांच्याच घरातली जाणती पोरं भर दुपारी उंबराभोवती फिरतात म्हणजे काय! संध्याकाळी ते ड्यूटीवरून आले, बूट न काढता खुर्चीत बसले आणि आम्हाला समोर उभं केलं. मी विशीतली, दादा तर नोकरीला लागलेला, तरी दोघंही शाळकरी पोरांसारखी उभी राहिलो. दादानं जमेल तसा खेळ समजावून सांगितला. त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तेव्हा ते स्वतः टीव्हीपुढं बसले. तासभर बघितलं. मग म्हणाले, तो निळ्या कपड्यातला माझा. निळ्या कपड्यातला एक गोळी चुकला. वडील उठले, चपला घातल्या, बाहेर गेले... आणि उंबराच्या अलीकडूनच मागं फिरून, गेले त्याच वाटेनं परत आले. "दंड भरला. झाडाला फिरायचं कारण नाही," म्हणाले. तेव्हापासून आमचा रस्ता बदलला. मी आणि दादा त्यावर कितीदा हसलो असू. आता ते आठवलं तरी हसू येत नाही. कारण ते आठवणारी मी एकटीच उरले.

परदेशी नावं आम्हाला उच्चारता यायची नाहीत, म्हणून आम्ही खेळाडूंना आमची नावं ठेवायचो. एक मास्तर होता, एक शेजारीण होती, एक सतत रुसल्यासारखी दिसणारी मावशी होती. बारकी अलीकडची. हडकुळी, पायानं वाऱ्यासारखी, पण नेमबाजीत कच्ची. पहिल्या दोन गोळ्या बरोबर मारायची आणि तिसरीला हमखास घोळ घालायची. दादा दर वेळी तिलाच निवडायचा आणि त्यामुळं घरात सगळ्यात जास्त फेऱ्या त्याच्याच व्हायच्या. मी एकदा वैतागून विचारलं की दादा, जिंकणारी एखादी का नाही घेत तू? तर म्हणाला, "अगं, चुकते, पण फेरी मारताना तोंड पाडत नाही ती. बघ नीट." मी नीट बघितलं. खरंच पाडत नव्हती.

निवृत्तीच्या सुमारास दादा-वहिनींनी धायरीत फ्लॅट घेतला. मी खडकीतच राहिले. चार वर्षांपूर्वीचं हिवाळी ऑलिंपिक आम्ही त्या फ्लॅटमध्ये बघितलं. दुपारच्या शर्यती होत्या. मी शाळेत कारणं सांगून जायचे. दंडाची फेरी म्हणजे जिना उतरून पार्किंगला वळसा घालून वर यायचं, असं तिथं ठरलं होतं. वहिनी अमरावतीकडच्या, त्यांना या खेळात कधी गम्य नव्हतं. त्या भाजी निवडत म्हणायच्या, "एवढे म्हातारे माणसं काय करून राहिले बावा हे." बारकी एका शर्यतीत दोन गोळ्या चुकली. दादा दोन फेऱ्या मारून वर आला आणि दारातच भिंतीला हात टेकून उभा राहिला. श्वास लागला होता. तो म्हणाला वजन वाढलंय, वहिनी म्हणाल्या जिने जास्त आहेत, आणि मी म्हणाले चल बस, मावशी येतेय नेम धरायला. नंतर खोकला सुरू झाला तो थांबेना. तपासण्या झाल्या. फुप्फुसं आतून हळूहळू घट्ट होत जाण्याचा आजार, डॉक्टरांनी सांगितलं. कशामुळं? सांगता येत नाही, अनेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. बरं होईल? नाही. वेग कमी करता येईल. उंचावर जायचं नाही, थंड हवेत जायचं नाही. बाहेर आल्यावर रिक्षात दादा म्हणाला, "मनालीचं बरं झालं, रद्दच केलं होतं."

त्याच रिक्षात त्यानं ठरवून टाकलं. पुढचं हिवाळी ऑलिंपिक बघायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. सुरुवातीला ते त्याच्या नेहमीच्या तिरकस बोलण्यातलं वाटलं. पण हळूहळू सगळं घर त्या एका गोष्टीवर चालायला लागलं. औषधानं पोट बिघडायचं, जेवण जायचं नाही, तेव्हा वहिनी ताट पुढं करून म्हणायच्या, तुमचं ते बर्फाचं बघायचं ना? मग चार घास जायचे. डॉक्टरांनी विचारलं की काय म्हणताय, तर तो त्यांना किती हिवाळे राहिले ते सांगायचा. मीसुद्धा त्यातच होते. वर्गात मुलांना पृथ्वीचं परिभ्रमण शिकवताना मनात यायचं, फिर बाई, जरा लवकर फिर. दुसऱ्या कुठल्या आशेला जागाच नव्हती. माणूस बरा होणार नाही हे ठाऊक असलं की घरातली माणसं कशाला तरी लोंबकळतात. आम्ही एका खेळाला लोंबकळलो, ज्यातलं वहिनींना काही कळत नव्हतं आणि आम्हा दोघांना पुरतं कळत होतं अशातला भाग नव्हता.

गेल्या वर्षी ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. हॉलच्या कोपऱ्यात ते दिवसरात्र घरघरायचं आणि त्याची पारदर्शक नळी दादाच्या नाकापर्यंत यायची. पार्किंग केव्हाच सुटलं होतं. आता नळी पोचेल तेवढंच रिंगण उरलं. सोफ्यापासून स्वयंपाकघराचं दार, तिथून बाल्कनीचं दार, तिथून परत सोफा. नळी अडकू नये म्हणून वहिनींनी हॉलचा मध्य रिकामा करून टाकला होता. दादा त्या रिकाम्या फरशीकडं बघून म्हणाला, आता खरं स्टेडियम झालं. मला ते ऐकवलं नाही. मी बाल्कनीत जाऊन कपडे काढायच्या निमित्तानं उभी राहिले. कपडे ओलेच होते.

आणि ते दिवस आले एकदाचे. बारकीची पहिली शर्यत होती त्या संध्याकाळी मी मेट्रोनं स्वारगेटला आणि पुढं बसनं धायरीला गेले. दादानं दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. लग्नाला निघाल्यासारखा सोफ्यावर बसला होता. वहिनींनी चिवडा केला होता, जो तो खाऊ शकत नव्हता. बारकी आता वयानं थोराड दिसत होती, तिचं बहुधा हे शेवटचंच. आडवी पडून ती एक गोळी चुकली. दादा सोफ्याच्या हाताला रेटा देऊन उठला. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही काऊन उठून राहिले? ताई मारतीन न् तुमची फेरी." तो नळी एका हातात गोळा करत म्हणाला, "दंड ज्याचा त्यानं भरायचा." त्याला तेवढं बोलायलासुद्धा दोनदा थांबावं लागलं. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला, बाल्कनीच्या दाराशी थांबला, सोफ्यावर येऊन बसला तेव्हा ओठ निळसर झाले होते. पण डोळे टीव्हीवर होते. बारकी उभ्यानं नेम धरायला आली आणि आणखी दोन चुकली.

मी उठून टीव्ही बंद करायला हवा होता असं मला पुष्कळ जण म्हणाले. त्यांनी दादाला बघितलं नव्हतं. तो उठला. एक फेरी पुरी केली. दुसरीला बाल्कनीपर्यंत गेला आणि पडदा धरून उभाच राहिला, पाठ आमच्याकडं. टीव्हीवर लोक घंटा वाजवत ओरडत होते. मी जाऊन त्याचा दंड धरला. मी आणलं तसा तो आला आणि बसला. शर्यत संपली तेव्हा बारकी कितवी आली हे त्यानं विचारलं नाही. दोन दिवसांनी ताप भरला आणि त्याला दवाखान्यात हलवावं लागलं. जंतुसंसर्ग आहे, डॉक्टर म्हणाले, आणि हे कधीही झालं असतं, फेऱ्यांचा काही संबंध नाही. एखाद्या दिवशी माझा त्यावर विश्वास बसतो.

दवाखान्यात भेटायची वेळ दुपारी, एका वेळी एकच माणूस. मी रोज शर्यत बघायचे ती त्याला सांगण्यासाठी. तो बघू शकत नाही तर मी त्याच्या वतीनं बघते, आणि तो परत येईपर्यंत काही निसटू द्यायचं नाही, असा माझा हिशेब होता. दुसऱ्या शर्यतीत बारकीनं कमाल केली. एकामागून एक काळी वर्तुळं पांढरी होत गेली, एकदाही चुकली नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा! मी घरात एकटीच उभी राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेआधीच जाऊन जिन्यात उभी राहिले. आत गेले तर त्याच्या तोंडावर मोठा मास्क होता, पण डोळे उघडे होते, ओळख होती. मी कानाशी वाकून म्हणाले, "दादा, काल बारकी एकही चुकली नाही. एकही नाही." त्यानं मास्क जरासा सरकवला.

"राहू दे, सुजे."

मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तो माझ्याकडं बघत राहिला. चिडला नव्हता, दुःखीही वाटत नव्हता, नुसता दमलेला होता. म्हणाला, "नको सांगूस आता." मग थोड्या वेळानं, "बाहेर ऊन आहे का?"

मी म्हणाले, आहे. तो म्हणाला, "बरं." नर्सनं मास्क सारखा केला. आमच्यात झालेलं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर तो शुद्धीवर असा आलाच नाही, आणि बारकीच्या शेवटच्या शर्यतीच्या संध्याकाळी गेला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कारखान्यातले जुने सहकारी आले होते. बुद्धवंदना झाली, मग दोघं-तिघं बोलले. एक जण म्हणाले की मिलिंदरावांची एकच इच्छा होती आणि ती पुरी करूनच ते गेले. सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगला माणूस होता बोलणारा, मनापासून बोलत होता. मला मात्र उठून सांगावंसं वाटत होतं की नाही हो, पुरी झाली नाही. चार वर्षं ज्याच्यासाठी त्यानं गोळ्या गिळल्या, नळी नाकाला लावून घेतली, नको असलेलं जेवण घशाखाली ढकललं, ते दाराशी आलं तेव्हा त्याच्याकडं त्याच्यासाठी श्वासच उरला नव्हता. तो गेला याचं दुःख मी कुठं तरी ठेवीन. सगळेच जातात, आमच्या घरात हे लहानपणापासून शिकवलंय. पण जाण्याच्या आधीच त्याला ते नकोसं झालं होतं. ज्या गोष्टीनं आम्हाला भाऊ-बहिणीपलीकडचं काही तरी केलं होतं, ती त्याच्या आधी गेली, आणि मी मूर्खासारखी तिचा निकाल घेऊन त्याच्या उशाशी उभी होते. मरणाला हेही घेता येतं हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय, आणि या ज्ञानाचं काय करायचं ते मला कोणी सांगत नाही.

मागच्या रविवारी धायरीला गेले. मशीन भाड्याचं होतं, ते दुकानदार घेऊन गेला. घर इतकं शांत होतं की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आपल्याच घरातली वाटावी. वहिनी म्हणाल्या की आतल्या खोलीत झोप येत नाही, तिथली कॉट हॉलमध्ये आणू या का? आम्ही दोघींनी मिळून ती दारातून आडवी-उभी करत बाहेर काढली. वहिनींच्या मनगटाला खरचटलं, माझी कंबर भरून आली. भिंतीला लावायला गेलो तर खिडकीचं दार उघडेना, सोफ्याला लावली तर पंखा लांब पडायला लागला. शेवटी वहिनींनी ती हॉलच्या मधोमध ओढली, पंख्याखाली. बाजूला होऊन त्यांनी फरशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. सोफा, स्वयंपाकघर, बाल्कनी... त्यांनाही कळलं होतं.

"इथंच ठेवू ना, ताई?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. वहिनींनी कपाटातून धुतलेली चादर काढली. एक टोक मी धरलं, एक त्यांनी, आणि आम्ही ती कॉटवर अंथरली. मग त्या चहा ठेवायला गेल्या. स्वयंपाकघरात जायला आता कॉट आणि भिंतीच्या मधून, अंग चोरून जावं लागतं.